दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे नुकसान कोणत्या विम्यातून भरून मिळते ?

रब्बीची मळणी आटोपली म्हणजे कडब्याच्या गंजी घरालगत रचल्या जातात आणि उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याच आडोशास ट्रॅक्टर उभा केला जातो, हे दृश्य आपल्याकडे गावोगावी आढळते. माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी चैत्रातील एका दुपारी अशीच एक गंजी पेटली. वाऱ्याचा जोर असल्याने आग घराला जोडून असलेल्या पत्र्याच्या छपरीत शिरली. शेजाऱ्यांनी दावी कापून जनावरे बाहेर काढली, परंतु छपरीतील ट्रॅक्टरजवळ कोणालाही जाता आले नाही. तासाभरात टायर, वायरिंग, बॅटरी, बैठक, सर्व काही जळून केवळ लोखंडाचा सांगाडा उरला.

घरमालक व्यवस्थित गृहस्थ होते. त्यांच्या पेटीत तीन कागद निघाले: घरबांधणीच्या कर्जाबरोबर बँकेने काढविलेली घराच्या विम्याची पॉलिसी, ट्रॅक्टरच्या विम्याची पॉलिसी आणि पीक विम्याची पावती. तिन्हींचे पैसे वेळच्या वेळी भरलेले होते. घराच्या पॉलिसीतून त्यांना भिंतीची व पत्र्यांची भरपाई मिळाली. ट्रॅक्टरबद्दल मात्र एक रुपयाही मिळाला नाही. 'घर जळाले त्याचे पैसे मिळाले, मग घरात होते ते का नाही ?' हा त्यांचा प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर आगीपूर्वी त्यांना कोणी दिलेले नव्हते. ते उत्तर शेतकरी बंधु-भगिनींना व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना वेळीच मिळावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

घराचा विमा कोठवर जातो

सर्वसामान्य समजूत अशी असते की विमा हा जागेचा असतो. घराच्या आवारात जे काही आहे, ते घराच्या विम्यात आले, असे गृहीत धरले जाते. ही समजूत चुकीची आहे. विमा हा जागेचा नसून पॉलिसीत नमूद केलेल्या वस्तूंचा असतो.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एक ठराविक नमुन्याची पॉलिसी तयार केली असून १ एप्रिल २०२१ पासून ती लागू झाली. ही पॉलिसी तिच्या परीने उदार आहे. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, महापूर, दरड कोसळणे, जमीन खचणे, दंगल, झाड किंवा भिंत अंगावर पडणे, पाण्याची टाकी फुटणे अशा अनेक आपत्तींपासून घराच्या इमारतीस तीत संरक्षण मिळते. राहत्या घराबरोबरच वाहन ठेवण्याची खोली, आवाराची भिंत, फाटक, पाण्याची पक्की टाकी, बायोगॅस संयंत्र, सौर पट्ट्या हेही इमारतीचेच भाग मानले जातात. इतकेच नव्हे, तर इमारतीचा विमा घेतला असता घरातील सर्वसाधारण सामानासही इमारतीच्या विमा-रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, संरक्षण आपोआप लाभते.

येथेच घोटाळा होतो. वाहन ठेवण्याची खोली विम्यात आहे, घरातील सामान विम्यात आहे, मग त्या खोलीतील वाहन का नसावे ? कारण त्याच पॉलिसीत जे वगळले आहे त्याची यादी दिलेली असते, आणि तीत सोन्याचे तुकडे, दस्तऐवज, रोख रक्कम, स्फोटक पदार्थ यांच्या जोडीस 'वाहने' हा शब्द स्पष्टपणे घातलेला आहे. पॉलिसीत मुद्दाम लिहून घेतले असेल तरच वाहनाचा अंतर्भाव होतो, आणि तसे लिहून घेतलेली पॉलिसी माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. म्हणजे आग एकच, छप्पर एकच, परंतु छपराचे पैसे एका कागदाने द्यावयाचे व छपराखालील ट्रॅक्टरचे पैसे दुसऱ्या कागदाने, अशी ही विभागणी आहे.

शेतातील गोठा, कांदाचाळ किंवा अवजारांची खोली ही राहत्या घराचा भाग नसेल, तर ती इमारतसुद्धा घराच्या पॉलिसीत येत नाही. तिचा विमा निराळा मागावा लागतो. गवती किंवा ताडपत्रीच्या छपराचे बांधकाम विमा कंपन्या 'कच्चे' समजतात. तशा बांधकामाची माहिती विमा घेताना लपवू नये.

पीक विम्याविषयीही एक शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण हा प्रश्न सभांतून हटकून विचारला जातो. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेली प्रधानमंत्री पीक विमा योजना ही पिकापुरती आहे. घर, गोठा, यंत्रे यांच्याशी तिचा संबंध नाही. त्याचप्रमाणे गोपीनाथ मुंडे यांच्या नावे राज्य शासनाने सुरू केलेली शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना ही माणसाच्या मृत्यूसाठी व अपंगत्वासाठी आहे, यंत्राच्या नुकसानीसाठी नव्हे.

वाहनाच्या विम्याचे दोन भाग

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वाहन घरी उभे असो, शेतात असो वा रस्त्यावर असो, त्याच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई वाहनाच्याच पॉलिसीतून मिळते. मात्र त्या पॉलिसीत तो भाग असला पाहिजे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यास त्रयस्थ पक्षाचा विमा, ज्यास सर्वत्र 'थर्ड पार्टी' म्हणतात, तो सक्तीचा आहे. ह्या विम्याचा हेतू नावातच आहे. आपल्या वाहनाने दुसऱ्या कोणास इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्या दुसऱ्यास भरपाई मिळावी, ह्यासाठी तो आहे. आपले वाहन जळाले, बुडाले, चोरीस गेले, तर ह्या विम्यातून मालकास काहीही मिळत नाही.

दुसरा भाग वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा. विमा कंपन्या त्यास 'ओन डॅमेज' म्हणतात आणि दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीस 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असे नाव देतात. हा दुसरा भाग कायद्याने सक्तीचा नाही. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कर्ज फिटेपर्यंत तो असावा असा आग्रह धरते, म्हणून नवा ट्रॅक्टर घेताना तो बहुधा काढलेला असतो. पुढे काय होते ? नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी करावा म्हणून, अथवा एजंटाने 'कायद्यापुरता एवढा पुरे' असे सांगितले म्हणून, दुसरा भाग गळतो. पावती मिळते, पोलीस व परिवहन खात्याची अडचण राहत नाही, आणि मालकाच्या मनात 'विमा आहे' ही भावना कायम राहते. वर सांगितलेल्या गृहस्थांचे नेमके असेच झाले होते. तिसऱ्या वर्षापासून त्यांच्याकडे केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा होता.

मोटारसायकलीच्या बाबतीत हा घोटाळा अधिकच होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा व नवीन खाजगी मोटारगाडी घेताना तीन वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा एकदमच काढावा लागतो. त्याबरोबर स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. साहजिकच 'गाडीला पाच वर्षांचा विमा आहे' असे मालक म्हणतो, आणि वर्षानंतर ओसरीवर लावलेली गाडी जळाली किंवा चोरीस गेली म्हणजे त्याची निराशा होते. एक वर्षानंतर केवळ स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा घेण्याची सोय दुचाकी व खाजगी मोटारगाड्यांसाठी १ सप्टेंबर २०१९ पासून झालेली आहे.

आपल्या कागदावर कोणता भाग आहे, हे ओळखणे कठीण नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर हप्त्याचा तपशील दोन रकान्यांत असतो. 'ओन डॅमेज' ह्या रकान्यात रक्कम असेल तर तो भाग आहे. तेथे शून्य असेल, किंवा पॉलिसीच्या मथळ्यात 'लायबिलिटी ओन्ली' असे शब्द असतील, तर तो नाही. तसेच 'आय.डी.व्ही.' अशी तीन अक्षरे लिहून त्यापुढे वाहनाची किंमत दिली असेल, तर वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आहे असे समजावे. ग्राम कार्यकर्त्यांनी ही एवढी ओळख करून घेतली तरी पाच मिनिटांत एक कागद तपासून देता येईल.

घरी होणारे नुकसान : कोणते बसते, कोणते बसत नाही

स्वतःच्या नुकसानीच्या भागात आग, स्फोट, आपोआप पेट घेणे, वीज, चोरी व घरफोडी, दंगल व संप, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणे, दुष्टबुद्धीने केलेली नासधूस आणि 'बाह्य कारणाने झालेला अपघात' यांचा समावेश असतो. ही संकटे रस्त्यावरच आली पाहिजेत अशी अट नाही. अंगणात, गोठ्यात वा छपरीत आली तरी ती चालतात.

सोलापूर व मराठवाड्याकडील शेतकऱ्यांस माळवदी घरांचा अनुभव आहे. दोन-तीन दिवस झड लागली की माळवदाची माती पाणी पिऊन जड होते आणि पांढऱ्या मातीची भिंत बसते. अशा भिंतीखाली ट्रॅक्टर वा मोटारसायकल सापडली, तर ती भरपाई वाहनाच्या पॉलिसीतून मागावी. भिंत स्वतःची असो वा शेजाऱ्याची, त्याने फरक पडत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीमुळे नुकसान झाले म्हणून शेजाऱ्याशी भांडण काढण्याचे कारण नाही. आपल्या कंपनीकडून भरपाई घ्यावी. शेजाऱ्याचा दोष असल्यास त्याजकडून वसूल करण्याचा हक्क मग कंपनीकडे जातो, आणि तो वापरायचा की नाही हे ती पाहून घेईल. वादळात झाडाची फांदी पडली किंवा उडालेला पत्रा येऊन आदळला, तरी हाच नियम.

आपलाच ट्रॅक्टर मागे घेताना आपल्याच गोठ्याच्या भिंतीवर आदळला तर ? हा प्रसंग हसण्यासारखा वाटला तरी नेहमीचा आहे. ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचे पैसे स्वतःच्या नुकसानीच्या भागातून मिळू शकतात. भिंतीचे पैसे मात्र त्रयस्थ पक्षाच्या विम्यातून मिळत नाहीत, कारण विमेदाराची स्वतःची मालमत्ता ही त्रयस्थाची मालमत्ता होत नाही. भिंत राहत्या घराची असेल व घराचा विमा असेल तर ती त्या पॉलिसीत बसते. वाहन आदळून होणारी हानी 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत नमूद आहे.

पुराचा विषय थोडा विस्ताराने लिहावा लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाड व पुन्हा कृष्णा-पंचगंगेच्या काठी पाणी घरांत शिरले, तेव्हा उभ्या वाहनांचे किती हाल झाले हे अनेकांनी पाहिले आहे. पूर हे विम्यात बसणारे कारण आहे, ह्यात शंका नाही. परंतु पाणी ओसरल्यावर 'सुरू होतो का पाहू' म्हणून चावी फिरविण्याचा मोह घातक ठरतो. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर दट्ट्या ते पाणी दाबू शकत नाही, कारण हवेप्रमाणे पाणी दबत नाही. परिणामी कनेक्टिंग रॉड वाकतो, प्रसंगी ब्लॉक फुटतो. हे नुकसान पुराने झाले नसून नंतर इंजिन चालविल्याने झाले, असे म्हणून कंपनी तेवढा भाग नाकारते, कारण मूळ घटनेनंतर परिणामरूपाने ओढवलेली हानी पॉलिसीत वगळलेली असते. सबब, पाण्यात बुडालेला ट्रॅक्टर सुरू करू नये, उतारावर ढकलूनही सुरू करू नये. बॅटरीची तार काढावी, पाण्याची पातळी कोठवर आली होती त्या खुणेसह छायाचित्रे घ्यावीत, कंपनीस कळवावे आणि ओढून दुरुस्तीगृहात न्यावा. ऑइल दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी आत गेले आहे असे निश्चित समजावे. गिअरबॉक्स व हायड्रॉलिकच्या तेलाचीही अशीच तपासणी व्हावी.

चोरीच्या बाबतीत वाहन राखण्याविषयी 'वाजवी काळजी' घेतली पाहिजे अशी अट असते. रात्री चावी ट्रॅक्टरलाच ठेवण्याची आपल्याकडील सवय ह्या अटीत मुळीच बसत नाही. तसेच वाहन जागीच राहून केवळ जादा दिवे, टेप किंवा तत्सम सोबतचे साहित्य चोरीस गेले, तर व्यापारी वाहनांच्या व दुचाकींच्या पॉलिसीत त्याची भरपाई मिळत नाही. वाहनही त्याच वेळी गेले असेल तरच ती मिळते.

उंदीर हा शत्रू लहान पण चिवट आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर महिना-दीड महिना उभा राहिला की उंदीर बॉनेटखाली घर करून वायरिंग कुरतडतात. पॉलिसीत उंदराचे नाव लिहिलेले नसते. हे नुकसान 'बाह्य कारणाने झालेला अपघात' ह्या शब्दांत बसवून मागावे लागते, आणि त्यावर वाद होतात. विद्युत-यंत्रणेतील आपसूक बिघाड व झीज तर स्पष्टपणेच वगळलेली आहे. मात्र कुरतडलेल्या तारांमुळे ठिणगी पडून आग लागली, तर आगीची भरपाई देय होते. माझे मत असे की ह्या बाबतीत विम्यावर विसंबण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहणे व जवळपास धान्य-पेंड न ठेवणे स्वस्त पडते.

किती मिळते

पॉलिसीत ट्रॅक्टरची जी किंमत लिहिलेली असते ती खरेदीची किंमत नव्हे. त्या प्रकारच्या ट्रॅक्टरच्या सूचित किमतीतून वयानुसार घट करून ती काढतात. प्रचलित कोष्टकाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० व पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरली जाते. त्यापुढे कंपनी व मालक यांच्या संमतीने किंमत ठरते. उदाहरणार्थ, आठ लाख रुपये सूचित किमतीच्या साडेतीन वर्षे जुन्या ट्रॅक्टरची विमा-किंमत ४ लाख ८० हजार रुपये होते. दुरुस्तीचा खर्च ह्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे ३ लाख ६० हजारांहून, अधिक होत असेल, तर ट्रॅक्टर पूर्णतः नष्ट झाला असे मानून विमा-किमतीच्या आधारे भरपाई ठरते. कर्ज शिल्लक असल्यास ती रक्कम प्रथम कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जाते.

अंशतः नुकसानीत हिशोब निराळा असतो. धातूच्या सुट्या भागांवर वाहनाच्या वयाप्रमाणे घसारा कापला जातो. तीन ते चार वर्षांच्या वाहनास तो २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या वाहनास ४० टक्के. रबर, प्लॅस्टिक, टायर, ट्यूब व बॅटरी यांवर वय न पाहता ५० टक्के. समजा, आपल्या साडेतीन वर्षांच्या ट्रॅक्टरला आगीची झळ लागून धातूचे भाग ६० हजारांचे, टायर-बॅटरी-नळ्या मिळून ४० हजारांचे व मजुरी १० हजारांची, असा १ लाख १० हजारांचा खर्च झाला. धातूच्या भागांचे ४५ हजार, रबरी वगैरे भागांचे २० हजार व मजुरीचे १० हजार, असे ७५ हजार रुपये होतात आणि त्यांतून पॉलिसीत नमूद केलेली सक्तीची वजावट कमी होते.

हा हिशोबही आशादायी आहे, कारण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. ट्रॅक्टरचा विमा व्यापारी वाहनांच्या वर्गात मोडतो. ह्या वर्गात दिवे, टायर, ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बंपर व रंग यांचे नुकसान, वाहन पूर्णतः नष्ट झाल्याखेरीज, वगळलेले असते. जादा हप्ता भरला तरच ते समाविष्ट होते. पॉलिसीत ह्या सोयीची नोंद 'आय.एम.टी. २३' अशी असते. ट्रॅक्टरच्या मागील टायरांची आजची किंमत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या नोंदीचे महत्त्व सांगावयास नको. आगीत प्रथम जळतात ते टायरच. पॉलिसी घेताना ह्या एका नोंदीविषयी एजंटास अवश्य विचारावे.

ट्रॉलीचे काय ? ट्रॉलीची नोंदणी निराळी असते आणि तिचा विमाही निराळा सांगावा लागतो. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत तिचा क्रमांक व किंमत लिहिलेली नसेल तर ती विम्यात नाही. रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र ह्यांचीही हीच गत आहे. काही सार्वजनिक विमा कंपन्यांच्या शेतकरी पॅकेज पॉलिसीत घर, सामान, जनावरे, पंपसंच, बैलगाडी व ट्रॅक्टर यांचे वेगवेगळे विभाग एकाच कागदात घेता येतात. ती घेतानाही आपण कोणते विभाग निवडले आहेत ते पाहावे. निवड न केलेला विभाग कागदावर छापलेला असला तरी तो आपला नसतो.

नुकसान झाल्यावर

आग विझताच किंवा पाणी ओसरताच कंपनीस त्याच दिवशी दूरध्वनीने व पाठोपाठ लेखी कळवावे. आगीच्या प्रसंगी पोलिसांकडे नोंद करावी व अग्निशमन दल आले असल्यास त्याचा दाखला मागावा. चोरी झाली असता पोलिसांकडे प्रथम खबर देण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. महसूल खात्याचा पंचनामा झाला म्हणजे काम झाले, असा समज आहे. तो पंचनामा उपयोगी पुरावा होय, परंतु कंपनीच्या सर्वेक्षकाने करावयाच्या पाहणीची जागा तो घेत नाही. सर्वेक्षक पाहणी करीपर्यंत वाहन हलवू नये, दुरुस्त करू नये आणि जळका सांगाडा भंगारवाल्यास विकू नये. घर व वाहन अशा दोन पॉलिसी असतील तर दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज द्यावेत, आणि एकाच वस्तूची किंमत दोन्ही अर्जांत लिहू नये.

कळविण्यास काही अपरिहार्य कारणाने उशीर झाला तर हताश होऊ नये. खरा दावा केवळ उशिराच्या कारणाने यांत्रिकपणे नाकारू नये, असे विमा प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाने कंपन्यांना बजावले आहे. पुढे २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रॅक्टरच्याच चोरीच्या प्रकरणात असा निर्णय दिला की पोलिसांकडे खबर ताबडतोब दिलेली असेल, तर कंपनीस कळविण्यात झालेला विलंब हे खरा दावा फेटाळण्यास पुरेसे कारण नाही. त्या प्रकरणात खबर चोरीच्याच दिवशी दिलेली होती, हे ह्या ठिकाणी नजरेआड करू नये.

दावा नाकारला गेला तर कंपनीकडून कारण लेखी घ्यावे. प्रथम कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यास शुल्क नाही व वकिलाची गरज नाही. आपल्या राज्यात मुंबई व पुणे येथे ही कार्यालये आहेत. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही खुला असून त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे.

ग्राम कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. पुढील ग्रामसभेस किंवा शेतकरी गटाच्या बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या वाहनाची पॉलिसी बरोबर आणावी असे सांगावे, आणि प्रत्येक कागदावर तीनच गोष्टी पाहाव्यात : 'ओन डॅमेज' रकान्यात रक्कम आहे काय, 'आय.एम.टी. २३' ची नोंद आहे काय, आणि ट्रॉलीचा क्रमांक लिहिला आहे काय. मुदत संपण्याची तारीखही त्याच वेळी वहीत टिपून ठेवावी. मुदत संपून ९० दिवस उलटले की दावा न केल्याबद्दल साठलेली हप्त्यातील सूट, जी पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती नष्ट होते. शिवाय खंड पडलेल्या वाहनास स्वतःच्या नुकसानीचा विमा पुन्हा देण्यापूर्वी कंपनी वाहनाची तपासणी करते आणि नवा विमा पैसे भरल्यानंतरच सुरू होतो. मधल्या काळात गंजी पेटली, तर त्या दिवसांचा विमा मागाहून कोणालाही देता येत नाही.